पिंग जातं, फाइल अडकते

या महिन्याच्या पत्रांत दूरच्या सर्व्हरबद्दलच्या तक्रारी बऱ्याच आहेत. कोणाचं टर्मिनल गोठतंय, कोणाला काळा पडदा दिसतोय, कोणाचा बॅकअप सुरू होऊन थांबतोय. वाचत गेले तशी त्यांतली पाच पत्रं मी बाजूला काढली, कारण त्या पाचांची जात एक आहे. नेटवर्कवर माहिती छोट्या छोट्या गठ्ठ्यांत जाते, त्यांना पॅकेट म्हणतात. लहान पॅकेट जातंय आणि मोठं जात नाहीये. बाकीच्या पत्रांना पुढच्या अंकात उत्तरं देईन.

प्रश्न : मी साताऱ्यात घरून काम करतो. आमच्या दूध संस्थेचं हिशेबाचं सॉफ्टवेअर मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर चालतं, तो मी सांभाळतो. अलीकडे घरी फायबर घेतलं आणि जुन्या पीसीवर डेबियन लिनक्स टाकून त्याचाच राउटर केला. तेव्हापासून एसएसएचनं (दुरून सुरक्षित लॉगिनच्या सोयीनं) लॉगिन होतं, लहानसहान कमांड चालतात, पण मोठ्या फोल्डरची यादी मागितली की टर्मिनल जागच्या जागी थांबतं. फाइल वर चढते, खाली उतरवायला घेतली की शून्य टक्क्यांवर बसते. पिंग एकही चुकत नाही, स्पीड टेस्टही झकास येते. फायबरवाले म्हणतात लाइन ठीक आहे, सर्व्हरवाले म्हणतात सर्व्हर ठीक आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मात्र सगळं सुरळीत चालतं.

उत्तर : फायबरवाले आणि सर्व्हरवाले दोघंही खरं बोलतायत. बिघाड त्यांच्या मधल्या जागेत आहे, आणि ती जागा कोणाच्याच तक्रार क्रमांकात येत नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ‘वर चढते, खाली उतरत नाही’. ती लिहिलीत म्हणून मला निम्मा रस्ता आयता मिळाला. साधं पिंग, म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतंय का हे पाहणारी चाचणी, ५६ बाइटचा मजकूर पाठवतं, हेडर धरून ८४ बाइट. एवढंसं पॅकेट कुठूनही निसटून जातं. फोल्डरची यादी किंवा फाइल उतरायला लागली की सर्व्हर पॅकेट काठोकाठ भरून पाठवतो, म्हणजे १५०० बाइट. इथरनेटच्या एका फ्रेममध्ये तेवढंच मावतं, त्यालाच एमटीयू म्हणतात.

आता तुमचं फायबर. राउटरमध्ये तुम्ही युजरनेम-पासवर्ड घालून लाइन चालू करत असाल, तर ती पीपीपीओई जोडणी आहे. पीपीपीओई स्वतःच्या हेडरसाठी आठ बाइट घेते, म्हणून तुमच्या लाइनवर १५०० ऐवजी १४९२ बाइटच मावतात. मुंबईहून निघालेलं १५०० बाइटचं पॅकेट तुमच्या इंटरनेट कंपनीच्या शेवटच्या राउटरपर्यंत येतं आणि तिथं अडतं. त्याचे तुकडे करायलाही त्या राउटरला परवानगी नसते, कारण ‘तुकडे करू नका’ ही खूण, म्हणजे डीएफ बिट, लिनक्स टीसीपीच्या (माहिती क्रमानं आणि न हरवता पोचवणाऱ्या पद्धतीच्या) पॅकेटवर आपण होऊन लावतं.

असं झालं की काय करायचं, हे १९९० सालच्या आरएफसी ११९१ या इंटरनेटच्या नियमपत्रात ठरलेलं आहे. अडवणाऱ्या राउटरनं पॅकेट टाकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला निरोप धाडायचा: पॅकेट मोठं आहे, इथं १४९२ मावतात. यंत्रं एकमेकांना अडचणी कळवतात त्या निरोपांच्या पद्धतीला आयसीएमपी म्हणतात, पिंगही त्यातलंच. हा निरोप म्हणजे आयसीएमपीचा प्रकार ३, कोड ४. तो मिळाला की सर्व्हर लगेच आकार कमी करतो आणि वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तुमच्या बाबतीत तो निरोप सर्व्हरपर्यंत पोचत नाहीये. बहुतेक सर्व्हरच्या पुढ्यातल्या फायरवॉलमध्ये पिंग तेवढं चालू आणि बाकीचं आयसीएमपी बंद असणार. रेल्वेच्या पुलाखाली उंचीची कमान असते आणि तिच्या अलीकडे उंची लिहिलेला फलक असतो. फलक काढून टाकला तर रिक्षा आणि मोटारी पूर्वीसारख्याच जातील, उसाचा ट्रक मात्र रोज कमानीला अडेल.

आता चढण्या-उतरण्यातला फरक बघा. फाइल वर चढवताना तुमच्या पीसीचं मोठं पॅकेट तुमच्याच डेबियनच्या राउटरपाशी अडतं. तो राउटर घरातल्या घरात निरोप देतो, पीसी तो ऐकतो आणि आकार कमी करतो. उतरवताना निरोप मुंबईला जायला हवा असतो, तो वाटेत मारला जातो. स्पीड टेस्ट चांगली येते, कारण त्या टेस्टचा सर्व्हर असे निरोप ऐकतो. हॉटस्पॉटवर तुमची पीपीपीओई नाहीच. आणि टर्मिनल गोठल्यावर कितीही कळा दाबल्या तरी काही उमटत नाही, कारण टीसीपी क्रम सोडत नाही. अडलेल्या मोठ्या पॅकेटच्या मागची सगळी उत्तरं त्याच्यासाठी थांबून राहतात. अशा वेळी खिडकी बंद करायची गरज नाही. एंटर, मग टिल्ड, मग टिंब दाबा, एसएसएच नीट बाहेर येतं.

हे सगळं माझ्या शब्दावर मानू नका, मोजून घ्या. घरच्या लिनक्सवर पिंगला कॅपिटल एम पुढे ‘डू’ असा पर्याय द्या, म्हणजे तुकडे करायची मनाई होते, आणि लहान एस पुढे १४७२ हा आकार द्या. १४७२ अशासाठी की त्यात आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट मिळवले की बरोबर १५०० होतात. विंडोजवर हेच पर्याय एफ आणि एल आहेत, मॅकवर कॅपिटल डी आणि एस. पहिल्याच पॅकेटला तुमच्या राउटरच्या पत्त्यावरून उत्तर येईल, ‘फ्रॅग नीडेड अँड डीएफ सेट’, आणि पुढे एमटीयू १४९२. दुसऱ्या पॅकेटपासून उत्तर बदलेल, ‘मेसेज टू लाँग’. आता राउटर नाही, तुमचा स्वतःचाच संगणक बोलतोय. त्यानं आकडा लक्षात ठेवलेला असतो, सहसा दहा मिनिटं. मग १४६४ देऊन बघा, पिंग जाईल.

हीच चाचणी आता सर्व्हरवरून घराच्या दिशेनं करा. त्यासाठी तुमच्या राउटरला बाहेरचा स्वतंत्र आयपी हवा आणि त्यानं पिंगला उत्तर द्यायला हवं. माझा अंदाज बरोबर असेल तर १४६४ला उत्तर येईल आणि १४७२ला काहीच येणार नाही. ‘मोठं आहे’ असंही कोणी सांगणार नाही, नुसती शांतता. दुखणं त्या शांततेत आहे.

बाहेरचा आयपी नसेल तर हॉटस्पॉटवरून दुसरं लॉगिन करा, फायबरवरच्या लॉगिनमध्ये टर्मिनल गोठू द्या, आणि सर्व्हरवर एसएस ही कमांड टी आणि आय या पर्यायांसह चालवा. गोठलेल्या जोडणीच्या ओळीत एमएसएस (एका पॅकेटमध्ये मावणारा टीसीपीचा मजकूर) १४४८ आणि पीएमटीयू (पूर्ण वाटेवर मावणारा आकार) १५०० दिसेल. त्याच ओळीतला आरटीओचा, म्हणजे पुन्हा पाठवण्याआधी थांबायच्या वेळेचा, आकडा थांबून थांबून पाहा, दर वेळी साधारण दुप्पट झालेला असेल. सर्व्हर तेच पॅकेट, त्याच आकाराचं, पुन्हा पुन्हा पाठवतोय आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबतोय.

दुरुस्ती दोन्हीकडे करा. घरच्या राउटरवर एमएसएस क्लॅम्प, म्हणजे एमएसएसचा आकडा आधीच कमी करून सांगणारा नियम, लावा. आयपीटेबल्स हे लिनक्सचं फायरवॉल वापरत असाल तर मँगल टेबलच्या फॉरवर्ड चेनमध्ये एसवायएन (जोडणी सुरू करणाऱ्या) पॅकेटसाठी टीसीपीएमएसएस हे टार्गेट आणि त्याला ‘क्लॅम्प-एमएसएस-टू-पीएमटीयू’ हा पर्याय. दुकानातले तयार राउटर हे बहुधा आपण होऊन करतात, म्हणून शेजाऱ्यांना त्याच फायबरवर त्रास होत नाही. हाताने उभारलेल्या डेबियनवर ते आपल्यालाच लिहावं लागतं. यानंतर जोडणी सुरू होतानाच दोन्ही बाजूंना १४६० ऐवजी १४५२ (१४९२ मधून हेडरचे ४० बाइट वजा करून) असा आकडा कळतो आणि मोठं पॅकेट तयारच होत नाही. टीसीपीडंप या पॅकेट दाखवणाऱ्या कमांडमध्ये एसवायएनच्या ओळीत एमएसएस १४५२ दिसला की काम झालं.

सर्व्हरच्या बाजूला फायरवॉलमध्ये आयसीएमपी प्रकार ३, कोड ४ आत येऊ द्या. फायरवॉल तुमच्या हातात नसेल तर सर्व्हरच्या सिसकंट्रोलमध्ये (लिनक्सच्या अंतर्गत सेटिंगमध्ये) ‘टीसीपी एमटीयू प्रोबिंग’ला १ करा. मग निरोप आला नाही तरी तेच पॅकेट वारंवार हरवतंय हे पाहून लिनक्स स्वतः लहान आकार वापरून बघतं. सुरुवातीला काही सेकंद अडकल्यासारखं वाटतं, मग वाट मोकळी होते. ही तात्पुरती सोय आहे. फायरवॉल सुधारायचा आग्रह सोडू नका.

एक इशारा. इंटरनेटवर अशा तक्रारीला एक उपाय फार फिरतो: एसएसएचला एकच सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) आणि एकच एमएसी (मजकूर बदललेला नाही हे तपासायची पद्धत) द्या, लॉगिन होईल. लॉगिन कधीकधी होतं हे खरं आहे. एसएसएच सुरू होताना दोन्ही बाजू आपापल्या अल्गोरिदमची यादी पाठवतात. आजच्या ओपनएसएसएचमध्ये ही यादी दीड हजार बाइटच्या आसपास जाते आणि नेमकी कडेला अडते. डीबग चालू केलं तर शेवटची ओळ ‘एक्स्पेक्टिंग ... केईएक्स ईसीडीएच रिप्लाय’ अशी दिसते आणि पुढे काही हलत नाही. यादी छोटी केली की पॅकेट छोटं होतं आणि निसटतं, पण पहिल्या मोठ्या फाइलला तुम्ही तिथंच परत याल. एन्क्रिप्शनचे पर्याय कमी करून नेटवर्कचा आकार दुरुस्त होत नसतो.

प्रश्न : मी चिपळूणच्या एका महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळा सांभाळते. सुट्टीत घरून सर्व्हर बघता यावा म्हणून वायरगार्डचा टनेल (इंटरनेटमधून जाणारी खासगी, कूटबद्ध वाट) टाकला आहे. कॉलेजच्या जोडणीला आयपीव्ही४चा स्वतंत्र पत्ता मिळत नाही म्हणून टनेल नव्या पद्धतीच्या पत्त्यांवरून, आयपीव्ही६वरून, जातो. टनेल लागतो, पिंग होतं, एसएसएचही बऱ्यापैकी चालतं. रिमोट डेस्कटॉपला पासवर्ड घेतला जातो आणि पुढे काळा पडदा. एमटीयू मी बदललेला नाही, तो १४२० आहे. माझ्या सहकाऱ्याचा याच आकड्यावर चालतो.

उत्तर : सहकाऱ्याचा टनेल आयपीव्ही४वरून जात असणार. त्याला विचारा.

वायरगार्ड आपल्या प्रत्येक पॅकेटभोवती स्वतःचं वेष्टन घालतं. त्यात वायरगार्डचे ३२ बाइट, यूडीपीचे (टीसीपीपेक्षा साध्या वाहतुकीच्या पद्धतीचे) ८, आणि बाहेरच्या आयपीचं हेडर. हे हेडर आयपीव्ही४मध्ये २० बाइटचं आणि आयपीव्ही६मध्ये ४० बाइटचं असतं. म्हणजे एकूण वेष्टन एकीकडे ६० आणि दुसरीकडे ८०. १४२० हा आकडा १५०० मधून ८० वजा करून आला आहे. तो ठरवणाऱ्यांनी आयपीव्ही६चाही विचार केला होता, पण खालची लाइन पूर्ण १५००ची आहे असं धरून.

तुमच्या घरची किंवा कॉलेजची लाइन पीपीपीओई असेल तर खाली १४९२ आहेत. सहकाऱ्याचं गणित १४२० अधिक ६०, म्हणजे १४८०, आरामात बसतं. तुमचं १४२० अधिक ८०, म्हणजे १५००, बसत नाही. आयपीव्ही६मध्ये वाटेतला राउटर तुकडे करतच नाही. तो फक्त ‘पॅकेट टू बिग’ असा निरोप पाठवतो. तो अडवला गेला की तुमचा काळा पडदा. निरोप पोचून पाठवणाऱ्यानंच तुकडे केले, तरी वाटेतल्या काही फायरवॉल तुकडे पाहिले की फेकून देतात. पासवर्डपर्यंतचं बोलणं लहान पॅकेटांत उरकतं, डेस्कटॉपचं चित्र मात्र भरलेल्या पॅकेटांतून येतं.

आधी खात्री करा. टनेलच्या दोन्ही टोकांना, कॉन्फिगरेशनच्या इंटरफेस विभागात, एमटीयू १२८० लिहा आणि टनेल बंद करून पुन्हा चालू करा. पडदा दिसू लागला तर निदान पक्कं. मग १४९२ वजा ८०, म्हणजे १४१२ ठेवा. तोही अडला तर तुमच्या वाटेवर आणखी कुठे तरी वेष्टन आहे असं समजा आणि पिंगनं मोजत खाली या. फोनवरून किंवा प्रवासात वेगवेगळ्या जोडण्यांवरून जाणार असाल तर माझं मत १२८०वरच राहा असं आहे. थोडा वेग जातो, पण रात्री अकराला एखाद्या अनोळखी वायफायवरून सर्व्हर उचलायचा असतो तेव्हा तो वेग कोणाला आठवत नाही.

१२८०च्या खाली जाऊ नका. आयपीव्ही६ला किमान तेवढा आकार लागतोच. लिनक्समध्ये एखाद्या इंटरफेसचा एमटीयू त्याखाली नेला तर त्या इंटरफेसवरचं आयपीव्ही६ बंद पडतं, आणि मग वेगळ्याच बिघाडामागे तुमचा दिवस जाईल.

वरच्या साताऱ्याच्या पत्रातला एमएसएस क्लॅम्प इथं तुमच्या मदतीला येणार नाही, कारण तो फक्त टीसीपीला कळतो आणि वायरगार्डचं बाहेरचं पॅकेट यूडीपीचं असतं. टनेलच्या आतल्या टीसीपीला तो लावता येतो, पण एमटीयूच नीट लिहिला तर त्याची गरज उरत नाही.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सुरक्षा तपासणीत शेरा आला आहे: ‘आयसीएमपी पूर्ण बंद करावे.’ केलं. त्यानंतर दोन शाखांतून मुख्य सर्व्हरवरचे मोठे अहवाल उघडत नाहीत, बाकीच्या शाखांना काही अडचण नाही. तपासनीस म्हणतात याचा आयसीएमपीशी संबंध नाही. मी त्यांना काय दाखवू? (सांगली जिल्हा)

उत्तर : संबंध आहे, आणि हा शेरा बदलून घेण्यासाठी तुम्ही नक्की प्रयत्न करा. मी हे ठामपणे लिहिते, कारण या एका ओळीच्या शेऱ्यानं गावोगावच्या शाखांत किती माणसांचे किती तास गेले असतील याला मोजमाप नाही. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला ‘तुमचं नेट स्लो आहे’ असं सांगितलं जातं, समोर माणसं रांगेत उभी असतात, आणि खरं कारण मुख्यालयातल्या फायरवॉलच्या एका नियमात असतं.

त्या दोन शाखांच्या जोडण्या आधी बघा. बहुतेक त्या पीपीपीओई किंवा टनेलमधून येत असतील आणि बाकीच्या नसतील. मग सगळे आयसीएमपी नियम जसेच्या तसे ठेवून प्रकार ३, कोड ४ एवढा एकच आत येऊ द्या आणि त्याच शाखेतून तोच अहवाल उघडायला सांगा. आधीचा आणि नंतरचा टीसीपीडंप शेजारी शेजारी छापून तपासनीसांना द्या. आधीच्यात तेच पॅकेट पुन्हा पुन्हा जाताना दिसेल. नंतरच्यात बाहेरून एक लहानसा निरोप येईल आणि लगेच पुढचं पॅकेट कमी आकाराचं निघेल. असा कागद समोर असला की वाद फार वेळ चालत नाही.

तपासनीसांची भीती अगदीच निराधार नाही, हेही सांगते. खोटा निरोप पाठवून एखाद्याला नको इतकी लहान पॅकेटं पाठवायला लावता येतात, आणि २०१०च्या आरएफसी ५९२७ मध्ये अशा हल्ल्यांची सविस्तर चर्चा आहे. पण त्यावर सोय ऑपरेटिंग सिस्टिममध्येच आहे. निरोपात मूळ पॅकेटचा सुरुवातीचा भाग परत येतो. त्यातला सिक्वेन्स नंबर चालू जोडणीशी जुळला नाही तर लिनक्स तो निरोप मानत नाही. शिवाय आयपीव्ही४साठी ते ठरावीक मर्यादेखाली उतरत नाही, ती मर्यादा सहसा ५५२ बाइटची असते.

म्हणून शेऱ्याऐवजी असा नियम सुचवा: प्रकार ३ आणि प्रकार ११ (पॅकेटची मुदत वाटेत संपल्याचा निरोप) येऊ द्यावेत, पिंगला दर सेकंदाची मर्यादा घालावी, उरलेले बंद ठेवावेत. आयपीव्ही६ वापरत असाल तर सगळं आयसीएमपी बंद करणं त्याहून घातक आहे. शेजारच्या यंत्राचा पत्ता शोधणंही तिथं आयसीएमपीवरच चालतं. कोणते निरोप अडवायचे नाहीत याची यादी २००७च्या आरएफसी ४८९० मध्ये आहे. तीच तपासनीसांपुढे ठेवा, माझं नाव सांगायची गरज नाही.

प्रश्न : इचलकरंजीजवळच्या एका रुग्णालयात एक्स-रे आणि सीटीच्या प्रतिमा सर्व्हरवरून नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणीच्या यंत्रावर) रात्री जातात. वेग वाढावा म्हणून दोन्हीकडे जंबो फ्रेम (१५०० बाइटपेक्षा मोठ्या फ्रेम) चालू करून ९००० केलं. आता नॅसवरची फोल्डरांची नावं दिसतात, पण प्रती होत नाहीत. माझं बाहेरून लॉगिन व्यवस्थित चालतं. रुग्णालय माझ्या घरापासून लांब आहे, त्यामुळे दुरून काही बदलायची भीती वाटते.

उत्तर : मधला स्विच विसरलात. सर्व्हर आणि नॅस दोघंही ९००० बोलतात, दोघांचं आपसात जमतं, आणि भरलेली फ्रेम स्विचवर पोचली की स्विच ती गुपचूप टाकून देतो. राउटर निदान निरोप तरी देतो. स्विच ज्या थरावर काम करतो तिथं असा निरोपच नाही. बाहेरून तुमचं लॉगिन चालतं, कारण जोडणी करताना तुमचा घरचा संगणक १४६० किंवा त्याहून कमी असा आकडा सांगतो आणि सर्व्हर तो पाळतो.

सर्व्हरवरून नॅसला ८९७२ बाइटचं पिंग तुकड्यांची मनाई करून द्या. गेलं नाही, आणि १४७२चं गेलं, तर स्विचकडे बघा. स्विच व्यवस्थापनाचा असेल तर त्या पोर्टवर ‘जायंट्स’ किंवा ‘ओव्हरसाइज’ हा आकडा वाढताना दिसेल.

आकडे भरतानाही सांभाळा. १५०० हा आकार १९८० सालच्या इथरनेटच्या तपशीलातच ठरला आणि सगळ्यांनी पाळला. ९००० मात्र इथरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईईई संस्थेच्या प्रमाणात कधीच आला नाही, त्यामुळे जो तो आपल्या पद्धतीनं मोजतो. लिनक्समध्ये ९००० लिहिता तेव्हा त्यात इथरनेटचं हेडर धरलेलं नसतं. विंडोजच्या काही ड्रायव्हरमध्ये ९०१४ दिसतं, त्यात १४ बाइटचं हेडर धरलेलं असतं, आणि दोन्हींचा अर्थ एकच. स्विचवर ९२१६ असेल तर बिनधास्त ठेवा. स्विचचा आकडा मोठा असलेला चालतो, लहान असलेला नाही.

आणि हे सगळं करून मिळतं काय, तेही बघा. १५००च्या फ्रेमला तारेवर सगळं मिळून १५३८ बाइटची जागा लागते आणि त्यात १४६० बाइट कामाचे असतात, म्हणजे सुमारे ९५ टक्के. ९०००ला तारेवर ९०३८ लागतात, त्यात ८९६० कामाचे, म्हणजे सुमारे ९९ टक्के. एक गिगाबिटच्या लाइनवर हा चार टक्क्यांचा फायदा आहे. दहा गिगाबिटवर प्रोसेसरवरचा भार कमी होतो म्हणून गोष्ट वेगळी. तुमच्या जागी मी असते तर एक गिगाबिटवर १५००वरच राहिले असते आणि बॅकअपचा वेळ कशात जातोय ते डिस्कपाशी शोधलं असतं. लहान लहान फाइलींच्या प्रतींना बहुतेक वेळा डिस्कच पुरी पडत नाही.

१५००वर परत येताना, किंवा दूरच्या यंत्रावर एमटीयूचा कोणताही बदल करताना, आधी परतीची वाट बांधा. एमटीयू बदलला की काही नेटवर्क कार्डं क्षणभर लिंक पाडून पुन्हा उचलतात, आणि आकडा चुकला तर तुमचीच खिडकी गोठते. म्हणून आधी ‘स्लीप ३००’ आणि त्यानंतर जुना एमटीयू परत लावणारी कमांड, अशी एक ओळ नोहपनं (लॉगिन तुटलं तरी चालू राहील अशी) बॅकग्राउंडला सोडा. मग बदल करा. नवीन खिडकीत लॉगिन करून एखादी मोठी फाइल वाचून दाखवा. सगळं बरं असेल तर ती झोपलेली ओळ मारा, नसेल तर पाच मिनिटांत सर्व्हर आपण होऊन पूर्वपदाला येईल. ‘आयपी लिंक’नं केलेला बदल रीबूटनंतर टिकत नाही, हीसुद्धा अशा वेळी सोयच आहे. पक्कं झाल्याशिवाय कॉन्फिगरेशनच्या फाइलला हात लावू नका. सर्व्हरला व्यवस्थापनाचं वेगळं पोर्ट, आयपीएमआय किंवा तत्सम, असेल तर ते वेगळ्या नेटवर्कवर १५०० ठेवून तसंच राहू द्या. त्याला जंबोची गरज कधीच नसते.

प्रश्न : क्लाउडवरच्या आमच्या यंत्रात डॉकरचे कंटेनर (एकाच यंत्रात प्रोग्रॅम वेगवेगळे ठेवणारे कप्पे) आहेत. यंत्रावरून एचटीटीपीएसची पानं उघडतात, कंटेनरच्या आतून त्यांतली काही अर्धवट अडकतात. (पुणे)

उत्तर : यंत्राच्या मुख्य इंटरफेसचा एमटीयू बघा. क्लाउडच्या आत बहुधा व्हीएक्सलॅनसारखं वेष्टन असतं, त्याचे ५० बाइट वजा होऊन १४५० उरतात. गूगल क्लाउडच्या नेटवर्कचा मूळचा आकडा १४६० आहे. ॲमेझॉनच्या खासगी नेटवर्कात आत ९००१ चालतात, पण इंटरनेटच्या दारातून बाहेर पडताना १५००च. डॉकरचा ब्रिज (कंटेनरना बाहेर जोडणारं आभासी नेटवर्क) मात्र यजमान यंत्राचा आकडा न बघता १५०० धरून बसतो. डॉकरच्या डेमन डॉट जेसन या फाइलमध्ये ‘एमटीयू’ला यजमान यंत्राचाच आकडा द्या आणि डॉकर पुन्हा सुरू करा. कंपोज फाइलमधून (अनेक कंटेनर एकत्र उभे करणाऱ्या फाइलमधून) तयार झालेली नेटवर्कं हा बदल आपोआप घेत नाहीत. त्यांच्या ड्रायव्हर ऑप्शन्समध्ये एमटीयू वेगळा लिहून ती नेटवर्कं पाडून नव्यानं उभी करावी लागतात. मग कंटेनरच्या आतून ‘आयपी लिंक’ चालवून ईटीएच० समोरचा आकडा पाहा, आणि तो यजमान यंत्राशी जुळला की अडकणारी पानं पुन्हा उघडून बघा.